बाणगंगेच्या गोष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी साडेसातला तीन बत्तीच्या नाक्यावर जमायचं, गल्लीतून उतरत बाणगंगेच्या पायऱ्यांवर यायचं आणि दहा वाजेपर्यंत गोष्टी सांगत तळ्याला फेरी घालायची, हा माझा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. मी गिरगावातली, ठाकुरद्वारच्या चाळीत वाढलेली. सर्वपित्रीला आजी बोट धरून इथे आणायची, तेव्हापासूनची ही ओळख. सोबत येणारी माणसं दर आठवड्याला नवी असतात, प्रश्न मात्र तेच. म्हणून म्हटलं, उत्तरं एकदा लिहूनच ठेवावीत. एक पथ्य मी पाळते: गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगायची, सन माहीत असेल तिथे सन सांगायचा आणि दोन्हींची खिचडी करायची नाही.

बाणगंगा म्हणजे नेमकं काय? नदी, कुंड की तळं?

बांधीव तळं. मलबार हिलच्या समुद्राकडच्या उतारावर, आयताकृती, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या उतरत गेलेलं. काठावर देवळं, मठ, धर्मशाळा, दीपमाळा आणि त्यांना खेटून माणसांची घरं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मलबार हिलला डोंगर म्हटलं तर घाटावरचा माणूस हसेल, पण समुद्रातून बघा, नाकासारखी पुढे आलेली ही टेकडीच आधी नजरेत भरते.

नावात गंगा असली तरी इथे नदी नाही. तळ्याला जिवंत झरा आहे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, पलीकडच्या खडकांवर लाटा फुटतात, आणि तरीही तळ्यातलं पाणी गोडं. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका आश्चर्यातून निघाल्या आहेत. हे ध्यानात ठेवलं की त्या गोष्टी वेगळ्याच ऐकू येतात.

बाणाची गोष्ट काय आहे?

आजी सांगायची तशी सांगते. सीतेला रावणाने नेलं. राम-लक्ष्मण तिला शोधत रानोमाळ हिंडत या टोकाला आले. पुढे वाट नाही, नुसता समुद्र. रामाला तहान लागली. “लक्ष्मणा, पाणी बघ.” लक्ष्मण बघतो तर चहूकडे पाणीच पाणी, पण सगळं खारं. (इथे आजी थांबायची आणि तळ्याच्या भिंतीपलीकडे बोट दाखवायची.) मग भात्यातला बाण काढला आणि जमिनीत मारला. बाण थेट पाताळात गेला, तिथली गंगा, म्हणजे भोगावती, उसळून वर आली. बाणाने आणलेली गंगा, म्हणून बाणगंगा.

बाण कोणी मारला? कुणी म्हणतं रामाने, कुणी म्हणतं लक्ष्मणाने. आजीच्या गोष्टीत तो लक्ष्मण मारायचा, कारण “मोठ्या भावाला तहान लागलीय तर धाकट्याने उठायचं, एवढंही कळत नाही का?” ती हे माझ्या धाकट्या भावाकडे बघून म्हणायची.

आणि वाळकेश्वर हे नाव?

ती दुसरी गोष्ट, याच प्रवासातली. रामाचा नेम होता, शिवपूजा केल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. लक्ष्मण रोज काशीहून नवी पिंड आणायचा. एके दिवशी त्याला उशीर झाला. पूजेची वेळ टळायला लागली, तेव्हा रामाने किनाऱ्यावरची ओंजळभर वाळू घेतली, तिचीच पिंड केली आणि पूजा उरकली. वाळू म्हणजे संस्कृतात वालुका. वालुकेचा ईश्वर तो वालुकेश्वर, आणि मुंबईकरांच्या तोंडी घासून घासून वाळकेश्वर. लक्ष्मण पिंड घेऊन आल्यावर तीही इथेच बसवली, असं काही जण पुढे जोडतात.

रामेश्वरची कथा ठाऊक असलेल्यांच्या भुवया इथे उंचावतात, आणि ते बरोबरच आहे. तिथे पिंड आणायला मारुती कैलासावर गेला, त्याला उशीर झाला आणि सीतेने वाळूची पिंड केली. साचा तोच, पात्रं वेगळी. या देशात चांगली गोष्ट एका गावात बसून राहत नाही. ती यात्रेकरूंच्या गाठोड्यातून फिरते आणि जिथे वाळू आणि शंकराचं देऊळ दोन्ही सापडेल तिथे मुक्काम करते.

पण रामायणात मुंबई आहे का?

वाल्मीकींच्या रामायणात नाही. त्यातला राम पंचवटीहून निघतो तो दक्षिणेला, कबंध, शबरी, पंपा सरोवर आणि ऋष्यमूक अशा वाटेने. नाशिकहून किष्किंधेकडे निघालेला माणूस वाळकेश्वरला का वळेल, असा प्रश्न दर चार रविवारी एक तरी जण विचारतोच, आणि विचारताना त्याला मोठा आनंद झालेला असतो.

ही स्थळकथा आहे. जागेचं मोठेपण सांगायला ती जन्मते, नकाशा दाखवायला नाही. महाराष्ट्रात रामाचा पाय लागला नाही असं पाण्याचं ठिकाण शोधायला गेलात तर दमून जाल. सीतेची न्हाणी, रामकुंड, लक्ष्मणाचं तळं गावोगाव आहेत. आणि बाणाने पाणी काढण्याची कल्पनाही एकट्या रामायणाची नाही. महाभारतात शरपंजरी पडलेल्या भीष्मांना तहान लागते तेव्हा अर्जुन असाच बाण मारून पाण्याची धार काढतो. कुरुक्षेत्रालाही त्या जागेला बाणगंगाच म्हणतात.

बाण परशुरामाचा होता असंही ऐकलं आहे. खरं काय?

तळ्याच्या परिसरात परशुरामाचं देऊळ आहे आणि त्याच्या नावानेही बाणाची गोष्ट सांगितली जाते. कोकणपट्टीत हे स्वाभाविकच. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, ही कथा इथल्या माणसाच्या अंगात मुरलेली आहे. एकाच्या बाणाने समुद्र हटला, दुसऱ्याच्या बाणाने गोडं पाणी आलं. समुद्राकाठी राहणाऱ्याला याच दोन गोष्टींची गरज, पाय ठेवायला जमीन आणि प्यायला पाणी. बाण कोणाचा यावर मी वाद घालत नाही, मात्र कोणती गोष्ट कोण सांगतंय ते कान देऊन ऐकते.

तो बाण आता कुठे आहे?

हा प्रश्न फक्त मुलं विचारतात आणि मला तो सगळ्यांत आवडतो. तळ्याच्या मधोमध पाण्यातून वर आलेला एक खांब दिसतो. बाण लागला ती जागा हीच, असं सांगतात. तो पृथ्वीचा मध्य आहे असंही सांगणारे आहेत.

एकदा सातेक वर्षांच्या मुलीने खांबाकडे बराच वेळ बघून विचारलं, “ताई, बाण आत गेला तर काठी वर कशी आली?” तिची आई तिला गप्प करायला लागली. मी म्हटलं, बाणाची शेपटी असेल. तिला ते पटलं नाही. “शेपटीला पिसं असतात,” म्हणाली. त्या वेळी खांबावर एक बगळा बसलेला होता, त्याच्याकडे बोट दाखवून वेळ मारून नेली.

समुद्राच्या एवढ्या जवळ गोडं पाणी येतंच कसं?

मलबार हिल हा बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराचा उंचवटा. या खडकाला भेगा असतात. पावसाळ्यात टेकडीवर पडलेलं पाणी त्या भेगांतून खाली झिरपतं आणि सखल जागी, जिथे वाट मिळेल तिथे, झरा होऊन बाहेर येतं.

मग समुद्राचं पाणी त्यात शिरत कसं नाही? गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. जमिनीच्या पोटात दोन्हींची गाठ पडते तेव्हा गोडं वर तरंगतं आणि खाऱ्याला खाली दाबून धरतं. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी साठलेलं असेल तर त्याच्याखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडंच पाणी राहू शकतं. किनाऱ्यालगतच्या कोकणातल्या कितीतरी विहिरी याच जोरावर जगतात. मात्र उपसा फार वाढला किंवा टेकडीत पाणी मुरणं थांबलं की खारं पाणी वर सरकतं. मग बाण कोणी मारला होता याला काही अर्थ उरत नाही.

याच टेकडीच्या माथ्यावर, हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा मोठा जलाशय आहे. बाग १८८१ साली त्याच्यावरच केली. लाखो माणसं ते पाणी पितात, पण त्याच्याबद्दल एकही दंतकथा नाही. नळाला कोण हात जोडतो?

तळं बांधलं कोणी?

सांगितलं जातं ते असं: ठाण्याहून राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या दरबारात लक्ष्मण प्रभू नावाचे मंत्री होते, त्यांनी इ. स. ११२७ मध्ये झऱ्याभोवती हे तळं बांधलं. शिलाहारांचं उत्तर कोकणावरचं राज्य नवव्या ते तेराव्या शतकातलं. ते शिवभक्त होते, अंबरनाथचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं. वाळकेश्वरचं मूळ देऊळही त्यांच्याच काळचं मानतात.

ते देऊळ पोर्तुगीज अमलात पडलं. मुंबई १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होती, १६६१ च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. पुढे १७१५ मध्ये रामा कामती या गौड सारस्वत व्यापाऱ्याने पदरचे पैसे घालून देऊळ नव्याने उभारलं. आज दिसणारं देऊळ त्यानंतरही पुष्कळ बदललेलं आहे.

आता नावं बघा. गोष्टीत राम आणि लक्ष्मण. इतिहासात तळं बांधणारा लक्ष्मण आणि देऊळ उभारणारा रामा. यातून काही सिद्ध होत नाही, राम-लक्ष्मण ही नावं तेव्हाही घरोघरी होती. पण पायऱ्यांवर बसून हे सांगितलं की लोक एकदम शांत होतात, एवढं खरं.

वाळूची ती मूळ पिंड कुठे गेली?

तिने समुद्रात उडी घेतली. पोर्तुगीज किनाऱ्याला लागलेले दिसताच रामाने केलेली पिंड स्वतःहून उठली आणि पाण्यात गेली, असं जुन्या मुंबईत सांगत.

मला ही गोष्ट बाणाच्या गोष्टीपेक्षा जास्त हलवते. देऊळ पाडलं गेलं, मूर्ती गेली, हे दुःख सांगायचं कसं? “त्यांनी फोडली” म्हटलं की देव हरला. “देव आपणहून गेला” म्हटलं की देव अजून आहे, फक्त इथे नाही. गोव्यात तेव्हा लोकांनी देव उचलून रातोरात खाडीपलीकडे नेले आणि नव्या गावी त्यांची स्थापना केली. वाळूचा देव उचलून नेता येत नाही. मग तो वाळूतच परत जाणार.

आजी एवढं काही बोलायची नाही. “आलेत बघून गेला,” एवढंच म्हणायची, जणू नको असलेले पाहुणे बघून घरातलं कुणी मागच्या दाराने सटकलं.

रामा कामतींचं पुढे काय झालं?

वाईट झालं. मुंबईतले ते बडे असामी, कंपनी सरकारच्या मर्जीतले. गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. खटला चालला, मालमत्ता गेली आणि उरलेलं आयुष्य कैदेत. त्यांच्याविरुद्ध पुढे केलेलं पत्र बनावट होतं असं मत नंतरच्या अभ्यासकांनी मांडलं आहे. देवळाला हात लावणाऱ्याचं भलं होतं म्हणतात. इथे तसं झालं नाही, आणि कदाचित म्हणूनच यावर दंतकथा रचली गेली नसावी.

शिवाजी महाराज इथे वेश पालटून आले होते का?

ही कथा तळ्याची नाही, टेकडीच्या टोकाची. मलबार पॉइंटला, म्हणजे राज्यपालांचं निवासस्थान आहे तिथे, समुद्राला लागून खडकात एक चीर होती. तिला श्रीगुंडी म्हणत. त्या चिरेतून अंग चोरून आरपार गेलं की माणसाचा नवा जन्म होतो, पापं मागे राहतात, अशी श्रद्धा. अवघड वाट, खाली समुद्र उसळतोय आणि मोठ्या अंगाच्या माणसाची पंचाईत.

मुंबई परक्यांच्या हातात असताना महाराज गुपचूप येऊन या चिरेतून गेले, आणि पुढे राघोबादादांनीही हा विधी केला, असं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी वर्णनांत लिहून ठेवलेलं आहे. लिहिणाऱ्यांनी ते ऐकलेलं लिहिलं. महाराजांच्या भेटीला ऐकीव गोष्टीपलीकडे आधार नाही, त्यामुळे “महाराज इथे उभे होते” असं मी कधी म्हणत नाही, कुणी आग्रह केला तरी. राघोबादादा पेशवाईतल्या भांडणातून मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला आले होते, हे मात्र इतिहासातलं आहे.

श्रीगुंडी देवीचं देऊळ आजही त्या आवारात आहे. कोळी तिला सागरमाता, सकळाई म्हणतात. आषाढात जत्रा असते, एरवी आत जाता येत नाही.

तळ्यापासून एखादं गुप्त भुयार निघतं का?

महाराष्ट्रात भुयाराशिवाय जुनी जागा दाखवा आणि हजार रुपये घेऊन जा! बाणगंगेखालून भुयार समुद्रात जातं, टेकडीच्या टोकापर्यंत जातं, थेट एलिफंटापर्यंत जातं, असं तिन्ही मी ऐकलेलं आहे. तिसरं सांगणाऱ्या काकांना मी विचारलं, मग मधल्या बंदराखालून कसं? ते म्हणाले, “म्हणूनच तर गुप्त.”

पण हसण्याआधी एक गोष्ट ऐका. राज्यपालांच्या निवासस्थानाखाली भुयार आहे ही बोलवाही जुनी होती. २०१६ साली तिथली एक भिंत पाडली आणि आत खरोखरच ब्रिटिशकालीन भूमिगत बंकर निघाला, १३ खोल्यांचा. तेव्हापासून त्या काकांसमोर मी जरा सांभाळून बोलते.

तळं किती खोल आहे? तळ लागत नाही म्हणतात ते खरं?

सात बाजांचा सुंभ सोडून एकाला एक जोडला तरी तळ लागला नाही, हे वाक्य तुम्ही तुमच्या गावच्या डोहाबद्दल ऐकलं असेल. तेच इथेही ऐकू येतं. अथांग पाण्याचं मराठी माप सात बाजांचंच का, पाच किंवा नऊ का नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तळ आहे, आणि गाळ काढताना दिसतोही. जून २०२४ मध्ये गाळ काढायला तळ्यात जेसीबी उतरवला गेला, पायऱ्यांचे दगड तुटले, आरडाओरडा झाला, पोलिसांत तक्रार गेली. पुढच्या रविवारी मी गेले तर नेहमी दिवा लावणाऱ्या एक आजी तुटलेल्या पायरीशी उभ्या होत्या. दिवा कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो एक पायरी वर ठेवला.

लग्नाची भांडी देणारं तळं हेच का?

नाही, ते दुसरं. किंवा दुसरी, कारण अशी तळी घाटावर गावोगाव आहेत. गोष्ट ऐकलेली नसेल तर थोडक्यात: घरात कार्य निघालं की काठावर हळदकुंकू वाहायचं, सुपारी ठेवायची, हवी ती भांडी मोठ्याने सांगायची आणि मागे न बघता घरी जायचं. सकाळी काठावर घंगाळी, पराती, तांबे लख्ख घासलेले तयार. कार्य झालं की मोजून परत ठेवायचे. एका घराने एक पळी दडवली. तेव्हापासून तळं काही देत नाही.

गडावरच्या टाक्यांबद्दलही ही गोष्ट सांगतात. मुंबईहून ट्रेकला जाणाऱ्यांनी ती कुठल्या ना कुठल्या गावच्या मामांकडून ऐकलेली असते आणि बाणगंगेवर आले की तीच इथे चिकटवतात. मी तरी ती इथल्या जुन्या माणसांच्या तोंडून कधी ऐकलेली नाही. शहरात भांडी भाड्याने मिळायला लागल्यावर तळ्याकडे कोण मागणार?

इथे आसरा आहेत का?

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. अप्सरा या शब्दाचंच हे बोली रूप. विहिरीच्या, डोहाच्या काठी सात दगड शेंदूर लावून ठेवलेले दिसले की समजायचं. त्या जपतात आणि रागावल्या की ओढूनही नेतात, म्हणून भर दुपारी आणि तिन्हीसांजेला मुलांना पाण्यावर पाठवायचं नाही. पोहता न येणाऱ्या मुलाला पाण्यापासून लांब ठेवायला याहून पक्की सूचना कुठल्या फलकावर लिहिलेली मी पाहिलेली नाही. बाणगंगेवर शंकर, राम, परशुराम, बालाजी अशी देवळांची इतकी दाटी आहे की आसरांना जागाच उरली नाही. पण आजी तिन्हीसांजेला पायरीवर बसू द्यायची नाही, कारण विचारलं तर “असं नाही बसायचं” एवढंच.

जबरेश्वर हे नाव कसं पडलं?

जबरीने जागा घेऊन बांधलं म्हणून जबरेश्वर, असं सांगतात. देऊळ १८४० च्या सुमाराचं. मुंबईतल्या जागांच्या भानगडींना देवाच्या नावात कायमची नोंद मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि मलबार हिल?

मलबारच्या किनाऱ्याकडून येणारे चाचे या टोकाच्या आडोशाला दबा धरत, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात.

इथे संन्याशांच्या समाध्या आहेत असं ऐकलं?

आहेत. दशनामी गोसाव्यांच्या समाध्या तळ्याजवळच आहेत, संन्याशाला दहन न करता पुरण्याची रीत म्हणून. सारस्वतांचे काशी मठ आणि कवळे मठ इथे आहेत. काशी मठाच्या माधवेंद्र तीर्थ स्वामींनी वाळकेश्वरी सजीव समाधी घेतली, अशी मठाची परंपरा आहे. इथे आवाज खाली, एवढंच मी लोकांना सांगते.

स्नान केलं की काशीचं पुण्य मिळतं का? पाणी पिऊ का?

पुण्याचं गुरुजींना विचारा. काशीशी नातं जोडण्याची हौस तर जागोजाग दिसते: पिंड काशीहून यायची, मठ काशी मठ, गंगा पाताळातून आलेली. ज्याला काशीला जाणं परवडत नव्हतं, त्याच्यासाठी काशी ग्रँट रोडहून चालत गाठता येईल इतकी जवळ आणलेली आहे.

पितृपंधरवड्यात, विशेषतः भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला, पाय ठेवायला जागा नसते. ओल्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली माणसं, भाताचे पिंड, काळे तीळ, दर्भ आणि कठड्यावर भाव खात बसलेले कावळे. आजोबांच्या वेळी कावळा शिवेना तेव्हा आजी पिंडाकडे बघत हळूच म्हणाली, “हो, सोडते तपकीर.” कावळा आला. तपकीर तिने सोडली नाही.

पिणं मात्र नको. झरा गोडा असला तरी तळ्यात निर्माल्य, पीठ, भात सगळं जातं. पितृपंधरवड्यानंतर मासे मरून वर आल्याच्या बातम्या अनेक वर्षं आलेल्या आहेत. मी लहानपणी एकदा ओंजळभर प्यायले होते, गोडंच होतं. आता मुलांना पिऊ देणार नाही.

गणपती इथे विसर्जित करता येतो का?

नाही. तळं वारसा वास्तू म्हणून संरक्षित आहे. २०२५ मध्ये हा विषय उच्च न्यायालयातही गेला होता, परवानगी मिळाली नाही. गिरगाव चौपाटी जवळ आहे.

कधी आणि कसं यावं?

ग्रँट रोड किंवा चर्नी रोड स्टेशनला उतरून वाळकेश्वरकडे जाणारी बेस्टची बस किंवा टॅक्सी. तीन बत्तीहून गल्ली उतरली की उजेड एकदम बदलतो, उंच इमारती मागे पडतात आणि खाली पाणी दिसतं. प्रवेशाला पैसे नाहीत. सकाळी लवकर या. कार्तिकी पौर्णिमेला काठावर दिवे लागतात, ते एकदा तरी बघा, पण गर्दीची तयारी ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. कपडे धुणाऱ्यांचे, तर्पण करणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका, हे दर वेळी सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

पाण्यात पोहणारे पांढरे पक्षी हंस आहेत का? मानससरोवराहून आले म्हणतात.

बदकं आहेत, इथलीच, पाळीव. मानससरोवराची गोष्ट एका फुलवाल्याने माझ्यासमोरच एका जोडप्याला सांगितली होती. ती पूर्ण होते न होते तोच त्यातल्या एका हंसाने पायरीवर येऊन बाईंच्या पिशवीतला पाव ओढला.